दिवसाआड

आज पाण्याचा दिवस.
आमच्याकडे वारांना नावं उरली नाहीत,
पाण्याचा आणि बिनपाण्याचा, दोनच.
भाचीच्या साखरपुड्याची तारीखसुद्धा
वन्संनी याच हिशेबानं धरली:
"मंगळवार नको गं, कोरडा येतो."

पहाटे पावणेपाच. जनकगंजात कुत्रीही पेंगुळलेली.
लाखन बाथम सायकल भिंतीला टेकवतो,
रस्त्यातलं झाकण उचलतो
आणि ती लांब लोखंडी चावी खड्ड्यात घालून
अंगाचा सगळा भार टाकून फिरवतो. सव्वीस आटे.
मी अंथरुणातून मोजते.
बाविसाव्याला थांबला तर समजावं,
तिघऱ्याचं पाणी आणखी उतरलं.
वर्तमानपत्र नंतर येतं.

नळ आधी हवा सोडतो, मग खोकतो.
मामंजी गेल्यापासून या घरात
इतकं कुणी खोकलं नाही.
तेवढ्यात मी मोटर लावते.

हो, टुल्लू. अर्ध्या हॉर्सपॉवरची.
मुलाच्या लग्नाआधी बसवली, हौद भरेना म्हणून.
वर जुनं पोतं टाकलंय, आवाज दबतो,
पण भिंतीला कळतोच.

काल वॉर्ड कार्यालयात बैठक होती.
पंखा एकच, तो पार्षदांच्या डोक्यावर.
कार्यपालन यंत्री सिकरवार साहेबांनी
पडद्यावर आकडा दाखवला:
माणशी रोज एकशे पस्तीस लिटर.
मीटर लावायचे, दर टप्प्याटप्प्यानं,
गळती इतके टक्के, चोरी तितके.
मागून कुणीतरी विचारलं,
"साहेब, हा एकशे पस्तीसवाला राहतो कुठे?"
भदौरिया म्हणाले, मीटर म्हणजे लूट.
फाळकेकाका म्हणाले, फुकट आहे म्हणूनच
तुम्ही स्कूटर धुता, वर फाटकही धुता.
पाण्याला किंमत असावी की नसावी
यावर दीड तास.
टेबलावर सीलबंद बाटल्या, सहा फोडलेल्या,
दोन घोट पिऊन तशाच सोडलेल्या.
मी मोजल्या. सवयच लागलीय.

शेवटी गल्लीच्या टोकाची गेंदा प्रजापती उठली.
ती ना मीटरच्या बाजूनं, ना विरोधात.
"साहब, हमारे यहाँ पानी बाद में आता है,
पहले आवाज आती है. मोटरों की."
एवढंच बोलून बसली.

मग ठराव. मोटरी जप्त कराव्यात.
पंचेचाळीस माणसं, पंचेचाळीस हात.
त्यातला एक माझा,
बांगड्या कोपराशी घसरतील इतका उंच.
गेंदानं वळून हात मोजले.
माझ्यापाशी जराशी थांबली, पुढे गेली.

येताना स्वर्णरेखेवरून आले.
कुणे एके काळी नदी, आता नाला,
अंगावर रस्त्याचे खांब पेलून पडलेला.
नाव कुणी बदललं नाही.
फायलींतून अजून सोनं वाहतं.

आज सव्वीस आटे पुरे झाले.
बोट बटणावर आहे.
हौदात चार बोटं पाणी, दुपारी सुनेच्या माहेरचे येणार,
बोअरच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही.
तिकडे टोकाला गेंदानं नळाखाली
हातभर खड्डा खणलाय.
पाणी चढत नाही तर आपण उतरायचं.
आत उकिडवी बसून,
हंड्याचं तोंड पाइपाला लावून
ऐकत असेल.

पाच मिनिटं थांबायचं ठरवलंय.
पाच मिनिटांत तिच्याकडे किती जाईल?
एक हंडा? दीड?
हा तक्ता साहेबांच्या पडद्यावर नव्हता.

तिसऱ्या मिनिटाला भदौरियांची सुरू झाली,
तीही पोत्याखालची.
माझ्या नळाची धार दोऱ्याएवढी झाली,
मग तुटली.

अजून दोन मिनिटं आहेत.