पाठीनं ऐकलं

गिऱ्हाईक समोर, म्हणून मंच माझ्या पाठीमागं.
चाळीस हंगाम असेच गेले.
धान कापून झालं की मंडईचे दिवस,
आज या गावी दंडार, उद्या त्या गावी नाटक,
आन् मांडवाच्या बाहेर माझा स्टोव्ह, कढई,
बेसनाचा गंज.
गाणाऱ्याचं तोंड मले कधी दिसलंच नाही.
दिसले ते ऐकणारे.

तोंडं पाहूनच मी सांगत होती काय चाललं ते.
विडी हातातल्या हातात विझली
म्हणजे बाई गाऊन राहिली.
म्हाताऱ्याईनं पदर नाकाले लावला
म्हणजे पोरगी सासरी निघाली असंन.
पोट्टे एकदम भज्याले धावले
म्हणजे उपदेश सुरू झाला.

लगन होऊन आठ महिने झाले होते तेव्हाची गोष्ट.
पांजरेपारच्या मंडईत कव्वालीचा सामना,
एका बाजूनं कामठीचा माणूस, दुसऱ्या बाजूनं चिमूरची बाई.
त्यानं सवाल टाकला.
बाईनं जवाब दिला नाही.
इतका वेळ दिला नाही
की माझा घाणा जळला.
मंग ते हासली, माईकमधी, हळूच.
बस, तेवढंच.
जवाब काय दिला ते याद नाही,
पण बेसन करपलं की आजही
तिचं हासणं ऐकू येते.

खडी गंमतचा सोमा उइके
डफ शेकायले माझ्याच जाळावर येत होता.
थंडीनं चामडं ढिलं पडे.
टिचकी मारे, कान लावे, मले विचारे,
"पिकला का वो?"
मी म्हणे, "कच्चा आहे अजून, थांब."
मले काय समजते डफातलं!
पण मी हो म्हटल्याबिगर तो मंचावर गेला नाही,
तेरा वर्षं.
मंग त्याचा नातू आला. त्याच्या डफाले प्लास्टिकचं पान.
त्याले जाळ लागत नाही. चांगलं आहे.
आलुबोंडा घेते, पैसे देते, जाते.

आन् ते तळोधीची रात.
नाटकाचा दुसरा अंक, लाईन गेली.
जनरेटरवाल्याले आणाले माणूस सायकलनं धाडला.
मांडवात अंधार, लोकाईची कुरकुर, कोणाचं लेकरू रडे,
आन् त्या अंधारात सुगंधा गेडामनं
पद सुरू केलं, माईक नाही, पेटी नाही.
समोरचे चूप झाले, मंग मागचे,
मंग ते लेकरू.
आता आवाज उरला एकच,
माझ्या स्टोव्हचा.
मले शरम वाटली. मी हवा सोडून देली.
आमचे हे अंधारात फुसफुसले,
"धंदा आहे का देऊळ?"
आन् मंग तेच बेसनाच्या पोत्यावर बसले,
उठलेच नाही.
तेल थंडं झालं. भिजवलेलं सारं आंबलं,
दुसऱ्या दिवशी गाईनंही तोंड फिरवलं.
आम्ही दोघं त्या नुकसानीचं
कधी बोललो नाही.
हे गेले त्याच्या आदल्या हप्त्यात म्हणे,
"तळोधीले गेल्तो, तुले याद आहे?"
मी म्हटलं, "झोपा."
तेवढं म्हणाले नाही पाहिजे होतं.

औंदा सून म्हणे, "आत्याबाई, आज तुम्ही पुढं बसा."
तिनं तिकीट काढलं. पहिली रांग, प्लास्टिकची खुर्ची.
मंच पाह्यला. पडदा, त्याच्यावर रंगीत धबधबा.
एक पोरगी गाये, गोड गाये,
पण तोंड इकडं आन् आवाज तिकडल्या डब्यातून.
मी कोणाले पाहू?
पाठीले कसंतरी वाटे,
घोंगडं काढून घेतल्यावानी.

मी खुर्ची फिरवली.
बाजूचा पोट्टा म्हणे, "आजी, नाटक तिकडं आहे!"
राहू दे.
हजार तोंडं होती समोर, वळखीची,
जी तोंडं मेली त्याईच्या नाकाडोळ्याची.
त्याईच्या पार मांगं, दिव्याखाली, आमची कढई.
सुनेचा झारा वरच्या वर थांबलेला.
मान वाकडी, डोळे मिटलेले.
धूर निघून राहिला होता.

मले वरडता आलं असतं.
जळू देलं.