घट

चोपड्यात, चहार्डी रस्त्याला, रमजानचाचांच्या गोडाऊनवर
मी काटा धरतो.
लोखंड, पत्रा, रद्दी, बाटल्या,
आणि उन्हाळ्यात मुख्यतः ठिबकच्या जुन्या नळ्या.
केळीची बाग मोडली की त्या येतात,
ट्रॉली भरभरून, काळ्या, एकीत एक गुंतलेल्या,
जागोजाग खारींनी कुरतडलेल्या,
थेंबाच्या तोंडांवर पांढरा क्षार चढलेल्या.

वहीत चार रकाने : नाव, माल, वजन, घट.
घट म्हणजे माती. घट म्हणजे ओल.
घट म्हणजे समोरच्यानं आपल्याला किती खुळं धरलंय
त्याचं किलोतलं उत्तर.
शंभराला आठ, कधी बारा.
अडावदकडच्या एका बागायतदारानं तर
नळ्यांची दोन्ही तोंडं गाठ मारून आणली होती,
आत पाणी तसंच.
चाचा नुसते हसले. म्हणाले, वीस लिही.

ठगूबाई पायी येते.
सकाळी घंटागाडीमागं, तिसऱ्या गल्लीपासून भाजीबाजारापर्यंत,
दुपारी तिच्या वाट्याचं सुकं घेऊन माझ्याकडे.
लुगड्यावर केळीच्या चिकाचे डाग,
कुठल्याच साबणाला न जुमानणारे.
बाजारामागच्या खड्ड्यात खोडं चिरून टाकायचं काम
यंदा तिच्याच गटाकडे आहे.
आधी खड्डा नुसता घाण मारायचा.
लोक नाक धरून ओरडले,
नगरपालिकेचे साहेब आले, फोटो काढून गेले.
मग तिनं थरावर थर दिला :
शेण, खोडांचे काप, सडके टमाटे, पऱ्हाटीची राख,
आणि हिवाळाभर गावानं खाल्लेल्या भरताची
काळी, जळकी सालं.
आता आत हात घातला की ऊब लागते, वास नाही.
(मी एकदाच घातला. खोटं कशाला बोलू.)

परवा तिनं नळ्यांचं भेंडोळं आणलं
आणि काट्यावर ठेवलंच नाही.
दारातच फतकल मारून बसली. एकेक नळी सोडवली,
उभी धरली, आपटली, तोंड लावून फुंकली.
ऊन पंचेचाळीस. मागं टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून.
नळीनळीतून चिमूट चिमूट गाळ,
कुठं मुंग्या,
एकीतून गोगलगाईचं रिकामं घर.
मी म्हणालो, मावशी, राहू द्या ना,
मी घट लावतोच.
“म्हनीसन तं झटकस,” ती म्हणाली.
“माटीना पैसा माले नको, नि तुन्ही घटबी नको.”

वजन भरलं अकरा किलो चारशे.
चौथ्या रकान्यात काय लिहावं कळेना.
शून्याची सवय नाही या वहीला,
पेन तिथं थोडा वेळ नुसतंच टेकून राहिलं.

तेवढ्यात तिनं भेंडोळ्यातून एक नळी ओढली.
आठ-नऊ हात लांब, अंगावर पुसट निळी रेघ.
“हाई मीच आंथरेल शे,” म्हणाली.
कुणाच्या शेतात, किती रोजानं, काही सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
फक्त मनात आलं,
हिच्यातून वर्षानुवर्षं किती पाणी गेलं असेल,
थेंब थेंब, रात्रीची लाइट येईल तेव्हा,
आणि माझ्या काट्याला त्यातलं
एक टिपूसही माहीत नाही.
त्याला विचारलं तर तो किलो सांगेल.

बाकीच्या नळ्या उद्या भट्टीत जातील.
त्यांचे दाणे होतील, दाण्यांची परत नळी,
किंवा बादली, किंवा कुणाच्या पायातली चप्पल.
ही मात्र तिनं खांद्यावर टाकली.
खारीनं केलेल्या भोकांवर
सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधणार होती.
खड्ड्याला उन्हाळ्यात ओल कमी पडते म्हणे,
वरची खोडं करकरतात.

ती वळली तेव्हा मी पुन्हा वजन केलं.
अकरा किलो दोनशे.
चाचांनी संध्याकाळी वही पाहिली, चष्मा वर केला,
परत खाली घेतला, काही बोलले नाहीत.
चौथ्या रकान्यात माझ्या अक्षरात आहे :
घट, दोनशे ग्रॅम.
नळी एक. परत कामावर.