शिवणीचा बैल

तान्ह्या पोळ्याला चार दिवस उरले
आणि बैलाच्या पोटाला चीर गेली.

रात्री 'टच्च' असं वाजलं होतं,
वाटलं कवेलूवर मांजर.
सकाळी पाहतो तर बरगडीपासून मांडीपर्यंत,
नख आत जाईल एवढी.

लाकूड ओलं होतं, माहीत होतं मला.
शालिक मिस्त्री म्हणालेही होते,
'दोन उन्हाळे जाऊ द्या जी गुरुजी,
मंग हात लावजा.'
पण पोरीचे दोन उन्हाळे
कुठल्या सावलीत रचून ठेवायचे?
मी बैल चुलीजवळ ठेवला, लवकर वाळावा म्हणून.

आधी लपवालपवी.
भुसा, फेव्हिकॉल, वरून काचकागद.
वाळलं तसं ते काळं पडलं,
चीर होती त्याहून लांब दिसू लागली,
दाखल्यावर खोडलेल्या जन्मतारखेसारखी.

बायको वांग्याची देठं काढत म्हणाली,
'शिवणीचंच आहे ना लाकूड?
मग घाला की टाका.'

सिमेंटच्या चुंगडीत बैल, तोंड तेवढं बाहेर,
सायकलनं सिंदेवाहीला गेलो.
वाटेत तिघांनी भाव विचारला.

मिस्त्रींनी माझा भुसा आधी टोकरून काढला,
काही बोलले नाहीत.
मग अंगठा फिरवला.
'हे आनखी चालते. बुजवू नका, अडवा.'

तेंदूच्या गाभ्याचा काळा तुकडा
त्यांनी डमरूसारखा कापला,
कंबर चिरेवर, खांदे दोन्हीकडे,
आणि तसाच खड्डा पोटात कोरून
तीन ठोक्यांत बसवला.
पिवळट अंगावर काळा डमरू,
मंदिरातून दिसावा इतका ठळक.

'पांढरा लावला असता तर दिसला नसता,' मी म्हणालो.
'पांढरा सरला,' ते म्हणाले,
आणि बिडी शोधू लागले.

पोळ्यात सगळ्यांचे बैल झगमग,
एकाच्या शिंगांत तर लाइटिंग.
बँकेचे साहेब आमच्यापाशी वाकले,
डमरूवर बोट ठेवलं.
तेजूनं सांगितलं, 'ऑपरेशन झालंय त्याचं.'
नंबर आला नाही.
सगळ्यांना मिळाला तो कंपास मिळाला.

त्या रात्री तिनं काळ्या स्केचपेननं
बैलाच्या दुसऱ्या बाजूला
तसाच एक डमरू काढला. जरा तिरका,
कंबर जाड झालेली.

त्या बाजूला चीर नाही.
अजून तरी.