पाणी जोखणं

सेरो नेग्रोच्या उतारावर पाण्याचा थेंब नाही.
काळी खडी, बुटात शिरणारी,
आणि वारा, ज्यानं माझ्या लहानपणी
सगळी राख लेओनच्या छपरांवर आणून टाकली.
माझी आई फिदेलिना तेव्हा कौलांवर चढून खराटा मारत होती
आणि मी खालून ओरडत होते,
विहिरीवर काय झाकू?

आता त्याच राखेतून मी हिरवे कण वेचते.
ऑलिव्हिन. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं.
चिमट्यानं उचलायचं, राळेत बसवायचं,
श्वास धरून घासत राहायचं
काचेचा एक ठिपका उघडा पडेपर्यंत:
वितळलेल्या खडकाचा घोट,
स्फटिक वाढताना आत कोंडला गेलेला.
बाकीच्यांचं पाणी वाटेतच वाफ होऊन गेलं.
याचं तेवढं राहिलं.
कधी दीड टक्का, कधी तीन,
कधी ठिपक्याला चीर, आणि दोन दिवस फुकट.

कोरडा खडक वितळायला केवढी आच लागते!
आमच्या खाली तेवढी नाही.
आमच्या खाली समुद्राचा तळ
किनाऱ्यापासून तिरका आत शिरतो,
त्याच्या भेगाभेगांत
खनिजाच्या नावावर पाणी मुरलेलं.
शंभर किलोमीटर खोल
दाब आणि ऊब त्याला पिळून काढतात,
ते वरच्या तापल्या, घट्ट खडकात चढतं.
आच वाढत नाही.
खडकाचा हट्ट सुटतो.

पहिला नीट आकडा आला त्या संध्याकाळी
घरी सांगितलं: शंभरात पाच भाग पाणी.
आई मक्याचं पीठ मळत होती.
"पाचच?"
"पाच पुष्कळ, आई.
वर येता येता दाब सुटतो, तेच पाणी फुगतं,
खडकाचा फेस करतं,
आणि तो फेस फुटून तुझ्या कौलांवर पडतो."

बोटं पिठातच ठेवून ती थोडा वेळ गप्प.
"चूल तीच असते," मग म्हणाली,
"पाणी चुकलं की तोर्तिया फाटते."
आणि डब्याच्या तळाशी होतं त्यातलं
अर्धी ओंजळ पिठात ओतलं.

"समुद्रातलं पाणी इथवर यायला किती लागतं?"
"पंधरा-वीस लाख वर्षं."
"आणि अपारिसिओचा टँकर?"

बुधवारी, म्हटलं.
आला तर.