गुरुवार, सात ते साडेआठ

डंगॅननच्या चर्चमागच्या खोलीत
हीटर एकाच बाजूने तापतो.
ती बाजू मिळावी म्हणून आम्ही धावत येतो
कोंबड्यांच्या पट्ट्यावरून थेट,
बोटं गारठलेली, केसांत क्लोरीनचा वास.

टू गेट द सॅक, ब्रोना सांगते,
म्हणजे कामावरून काढलं जाणं.
सॅक म्हणजे पोतं, एवढं ठाऊक होतं.
अबिलियोने विचारलं, पोत्यात घालून काय देतात?
काही नाही. रिकामंच.
मग निदान नारळ तरी द्यावा, तो म्हणाला,
आमच्या बाउकाउला रस्त्यावर पडलेले असतात.
आम्ही हसलो. ब्रोनाही हसली, जरा उशिरा.

मग सेव्हरन्स.
तोडणं, ती समजावू लागली, सांध्यापासून वेगळं करणं...
मी म्हटलं, थांब, हा मला येतो.
मिनिटाला तेवीस पंख.
सुरी हाडावर मारायची नाही,
दोन हाडांच्या मधे जिथे मऊ लागतं
तिथे नुसती टेकवायची.
अकरा वर्षं हा शब्द मी म्हणतेच आहे,
मनगटाने.

नोटीस मात्र डोक्यात शिरेना.
नोटीस करणं म्हणजे कुणाकडे लक्ष जाणं,
आणि नोटीस देणं म्हणजे जा म्हणणं?
शब्द एकच?
एकच, ब्रोना म्हणाली,
आणि मार्करचं टोपण शोधत राहिली.

रिडन्डन्ट तिने फळ्यावर लिहिलाच नाही.
तोंडी सांगितला.
वडील लिननच्या गिरणीत होते,
आईने ते पत्र घड्याळामागे खोचलं होतं.
सात वर्षांची होते, म्हणाली,
वेळ बघायला शिकत होते.
त्यात डी दोनदा येतो, विसरू नका.

सोमवारी पाकिटं आली, सगळ्यांची एका रंगाची.
वुई हॅव टु लेट यू गो.
किती हळुवार लिहितात!
तेतुममध्ये याला हुसिक म्हणतात.
खुराड्याचं दार उघडून
पाखरू सोडतात, तेव्हाही हुसिकच.

गुरुवारी मी माझं पत्र उभं राहून वाचलं.
सेव्हरन्स. नोटीस पिरियड. रिडन्डन्ट.
कुठे अडखळले नाही.
अबिलियो टाळी वाजवणार होता,
हात वर नेऊन थांबला.

ब्रोनाने एकही उच्चार सुधारला नाही.
हीटरजवळची खुर्ची
पायाने माझ्याकडे सरकवली.