वाटणी

तार्तू, फेब्रुवारी, रात्रीचे दोन.
इन्क्युबेटरवर सदतीस अंश,
खिडकीबाहेर उणे अठरा.

भिंगाखाली यीस्ट. आई, आणि तिच्या अंगाला
फुगत आलेला कोंब.
दोघींच्या मधे मान, सुईच्या टोकाहून बारीक.

मी मोजते आहे
किती जणी अडल्या.
हा वाण मुद्दाम बिघडवलेला, ऊब वाढली की
शेवटचा निरोपच पोचत नाही.
गुणसूत्रं दुभागून दोन टोकांना गेलेली,
मानेभोवती कडं तयार,
आणि तरी आवळत नाही.

धडधाकट पेशीचा नियम साधा आहे.
लेकीचा वाटा मान ओलांडून पलीकडे पडल्याशिवाय
दार लावायचं नाही.
वाटा आईकडेच अडकला तर थांबायचं,
तास गेला तरी चालेल.

उर्माससाठी मी एवढी थांबले नाही.
वडिलांचं शेत, बटाट्याचं, तळ्याकाठचं.
नोटरीनं कागद पुढे केला, मी सही ठोकली.
सॉनाची झोपडी कुणाच्या बाजूला गेली
ते भावाला नंतर कळलं.

तीन वाजता बशी पंचवीस अंशांवर काढली.
चाळीस मिनिटं काही नाही.
मग एक कडं मिटलं, मग दुसरं,
मधे पडदा चढला,
आणि तो पडदा विरघळवणारा रस
लेकीच्या बाजूनं पाझरला. नेहमी तिच्याच बाजूनं.
आईच्या अंगावर राहिला गोल वण.

वहीत लिहिलं, सुटलेल्या एकशे बारा,
अडलेल्या नऊ.
उर्मासचा नंबर मागच्या पानावर आहे,
वडिलांच्या अक्षरात.
तिकडे आता पाचही वाजले नसतील.
तो लवकर उठतो.