लाल म्हणजे पाणी

किल्ल्या, बेल्ट, दंडातला ताईत
ट्रेमध्ये काढून ख्वाजाभाई आडवे होतात.
डावा गुडघा. क्लचचा.
"एक्स-रेत तर बरंच हाय म्हनले,
मग रातच्याला आत कोन करवत चालवायलंय?"

एक्स-रेला हाडं दिसतात, मी सांगते,
आणि हाडांमधली फट.
फटीत राहते ती कूर्चा दिसत नाही,
तुरीच्या डाळीएवढ्या जाडीची, ओली.
आता पाय हलवू नका. पंचवीस मिनिटं.

मशीन ठोकायला लागतं,
रिकाम्या घागरीवर कुणी उलथनं आपटावं तसं.
ते हाडाला काही विचारत नाही, पाण्याला विचारतं.
एक हाक देतं आणि मोजत बसतं
हाक विरायला किती वेळ लागतो.
धड कूर्चेतलं पाणी तंतूंनी बांधलेलं,
पस्तीस-चाळीस मिलिसेकंदांत गप्प.
तंतू उसवले की मोकाट.
साठ. चौसष्ट.
त्याला धरून ठेवणारं कुणी उरलेलं नसतं.

स्क्रीनवर टी-टू मॅप उमटतो, निळा, हिरवा,
आणि आतल्या अंगाला, जिथं भार येतो,
लाल.
आमच्याकडे लाल म्हणजे पाणी.
लातुरात वाढलेल्या मुलीला हे पचायला
दोन सेमिस्टर लागली होती.

नावावरून ओळखलं नव्हतं.
ट्रेमधल्या त्या आखूड पान्यावरून ओळखलं,
टँकरचा व्हॉल्व्ह फिरवायचा,
दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेला.
रात्री दोनला हॉर्न, दोनदा.
आमची गल्ली चढाची, त्यांचा हँडब्रेक मेलेला.
पाईप शेवटच्या घरी पोचून
शेवटची कळशी भरेपर्यंत
ते अर्ध्या क्लचवर गाडी तोलून बसायचे.
मी सातवीत. पाईप धरायचे.
केबिनमधल्या पायाकडे
कोण बघतंय?

"काय दिसायलंय, बाई?"
डॉक्टर सांगतील, एवढंच बोलायची मला मुभा.
"गुडघ्यात पानी झालंय व्हय?"
थोडं, मी म्हणाले. चुकून.

हसले. "आता हे कोन्या गल्लीत रितं करावं?"
उजवा पाय आधी खाली टेकला,
मग डावा, हातानं उचलून.
मी पाना पुसून दिला.
पुसण्यासारखं त्याला काही लागलेलं नव्हतं.